बेडकाची कातडी आणि आपल्या रानातील ओल



मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की मांजरा-तेरणेच्या काठापासून गोदावरीपर्यंत रात्रभर बेडकं ओरडत असतात. इतके दिवस ती होती कुठे, असे सभासद विचारतात. याचे उत्तर बेडकाच्या कातडीत आहे.

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाखालची व मांड्यांची कातडी ओल्या जमिनीला टेकवून तो पाणी शोषून घेतो. श्वासही तो नुसत्या फुफ्फुसांनी घेत नाही, कातडीतूनही घेतो. हवेतला प्राणवायू आधी कातडीवरच्या ओलाव्यात विरघळतो आणि मग खालच्या बारीक रक्तवाहिन्यांत उतरतो. कातडी सुकली की ही वाट बंद होते. ती ओली राहावी म्हणून अंगातून चिकट स्राव पाझरतो. बेडूक हाताला बुळबुळीत लागतो तो त्यामुळेच. सरड्यासारखे खवले नसल्याने उन्हात त्याच्या अंगातले पाणी झपाट्याने उडून जाते. काही गावांत धोंडी काढताना मुसळाला बेडूक बांधून फिरवतात. पाऊस मागताना त्या मुक्या जिवाचे हाल होतात, हे ध्यानात घ्यावे.

बेडकाच्या अंड्यांनाही टणक कवच नसते. ती पाण्यात घालावी लागतात, आणि पिल्ले सुरुवातीला माशासारखी कल्ल्यांनी श्वास घेतात.

उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडल्या की काही बेडकं त्या भेगांत, बांधाच्या बिळांत शिरतात. काही मागच्या पायांनी माती उकरीत उलटी खाली जातात आणि ओलीत निपचित पडून राहतात. पाऊस झाला की वर येतात.

आता आपला संबंध पाहू. पहिल्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे दिवेलागणीला जमिनीतून निघून बाभळी-लिंबावर जातात. त्याच सुमारास बेडूकही बाहेर पडतो आणि भुंगेरे, नाकतोडे, अळ्या खातो. पूर्वी बेडकाच्या तंगड्या परदेशी जात. १९८७ साली ही निर्यात बंद झाली. बेडूक सगळी हुमणी संपवील असे नाही, भुंगेरे गोळा करणे चालूच ठेवावे. पण फुकटचा हा राखणदार गमावू नये.

त्यासाठी एवढे करावे :

१. पाचट जाळू नये. एकरी ३ ते ४ टन पाचट निघते. ते सरीत पसरावे. ओल टिकते, खोडव्याला पाणी कमी लागते आणि बेडकाला थारा मिळतो.

२. जी कातडी पाणी आत घेते, ती औषधही आत घेते. फवारणीचा पंप व डबे ओढ्यात, पाटात किंवा विहिरीजवळ धुऊ नयेत. साचलेल्या पाण्यावर औषध पडू देऊ नये.

३. बांधालगतचे पावसाळी डबके पिल्लांना पाय फुटून ती बाहेर पडेपर्यंत बुजवू नये.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. रानातली ओल बेडकाला लागते तशीच आपल्या खोडव्यालाही लागते. तरी यंदा तोडणी झाल्यावर कोणीही पाचटाला काडी लावू नये, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी