हंडी पाठवायची तर लोखंडाची सवय सोडा

भोसरीत पॅकिंगच्या सामानाची ददात नाही. एमआयडीसीच्या एका गल्लीत पाच प्लायचे खोके, दुसरीत ईपीई फोम, पलीकडे लाकडी पॅलेट ठोकणारे. चाकण-पिंपरीच्या गाड्यांच्या कारखान्यांना सुटे भाग पुरवता पुरवता इथल्या माणसाच्या हाताला पॅकिंग बसलेलं आहे. पण ती सगळी विद्या लोखंडाची. लोखंडाला भीती गंजाची आणि ओरखड्याची, म्हणून तेल लावा, घट्ट आवळा, वरून पट्टी मारा. वाड्यातली काचेची हंडी, कंदिलाची जुनी काच किंवा बुचाची अत्तराची बाटली अशी बांधली, तर ती पोहोचेल खरी, पण तुकड्यांत.

काचेला दोनच गोष्टी हव्या असतात. तिला कुठलीही कठीण वस्तू टेकता कामा नये, आणि ती आत हलता कामा नये. पुढचं सगळं या दोन अटींसाठी.

सामान आणायच्या आधी वस्तूचं वय काढा. परदेशी पाठवायची असेल तर हे टाळता येत नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू वा कारागिरीची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. आपल्याकडची काच या रेषेच्या अगदी काठावर आहे. तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला १९०८ साली. माणशी एक पैसा जमवण्याची कल्पना अंताजी दामोदर काळ्यांची, पाठबळ टिळकांचं. कराडजवळच्या ओगलेवाडीचा कारखाना १९१६ चा, प्रभाकर कंदील तिथलाच. म्हणजे तळेगावची सुरुवातीची बरणी आज पुरावस्तू ठरू शकते आणि १९५० च्या सुमाराचा प्रभाकर कंदील नाही. शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून वस्तू पुरावस्तू नसल्याचा दाखला आधी घ्या. कस्टममध्ये खोका अडकला, की तो कोण उघडेल आणि परत कसा बांधेल हे आपल्या हातात राहत नाही.

आता वस्तू तपासा. माठ घेताना वाजवून बघतो तशी नखानं हलकी टिचकी मारा. स्वच्छ टण्ण आवाज आला तर ठीक. बद्द वाजली तर कुठेतरी तडा आहे. उजेडासमोर धरून काठावरून बोट फिरवा. तडा असेल तर ती कुरिअरनं जाण्याजोगी वस्तू नव्हे, कितीही बांधा. चारी बाजूंनी फोटो काढा, तारखेसह.

धुवायची असेल तर प्लॅस्टिकच्या टबात तळाला टॉवेल घालून कोमट पाण्यात. सोनेरी नक्षी किंवा रंगकाम असेल तर पाणी लावूच नका, मऊ ब्रशनं धूळ झटका. धुतलेली काच निदान रात्रभर वाळू द्या. काही जुनी काच ओल सोसत नाही. तिच्यावर चिकट थेंब येतात, धुरकट साय धरते, बारीक जाळी दिसू लागते. अशी काच प्लॅस्टिकमध्ये गच्च कोंडू नका. सुती कापड आणि कागदातच ठेवा.

सामान आणायला गुरुवारी जाऊ नका, एमआयडीसीला सुट्टी असते. दोन पाच-प्लायचे कोरे खोके, मऊ फोम, बबल शीट, रुंद टेप आणि ॲसिड-फ्री टिश्यू पेपर. टिश्यू नाही मिळाला तर आजीच्या जुन्या सुती साडीचं, खळ नसलेलं, धुतलेलं कापड उत्तम. छापील वर्तमानपत्र काचेला थेट लावू नका, शाई दुधी काचेला आणि सोनेरी काठाला लागते. कारखान्यातून बाहेर पडलेले जुने खोके फुकट मिळतात, ते घेऊ नका. तेल पिऊन आणि एकदा वजन सोसून पुठ्ठा आतून मेलेला असतो.

फोम घेताना जरा थांबा, कारण भोसरीतल्या माणसाची चूक नेमकी इथे होते. गिअर तोलणारा टणक फोम चांगला, असं त्याचा अनुभव सांगतो. पण फोमचं काम धक्का स्वतः दबून खाणं. दहा किलोच्या गिअरखाली दबणारा फोम दीड किलोच्या हंडीखाली दबतच नाही. मग पडल्याचा सगळा धक्का जसाच्या तसा काचेत जातो. हातात धरून दाबा. वस्तूच्या वजनानं थोडा बसेल आणि सोडल्यावर परत उठेल, असा मऊ फोम मागा. दुकानदार हसेल, हसू द्या.

हंडीच्या साखळ्या, पितळी कडी, कंदिलाचा बर्नर, बाटलीचं बूच, जे जे सुटतं ते सोडवा. धातू वेगळा गुंडाळून वेगळ्या पाकिटात. कडी काचेच्या पोटात टाकून जागा वाचवणारे लोक आहेत. तसं करणं म्हणजे आतूनच हातोडी ठेवणं. अडकलेलं बूच जोर लावून काढू नका. ते तसंच राहू दे आणि मानेभोवती फोमची जाड पट्टी द्या.

हंडी पोटाला मजबूत असते, जाते ती काठाला. म्हणून आधी आतली पोकळी टिश्यूच्या चुरगळलेल्या सैल गोळ्यांनी भरा. सैलच, कारण ठासून भरलं तर काच आतून ताणली जाते. मग काठावरून फोमची पट्टी घडी करून बसवा, अर्धी आत, अर्धी बाहेर. टेप फोमला, काचेला कधीही नाही. यानंतर सगळीकडून टिश्यू किंवा कापड, त्यावर बबल शीटचे दोन-तीन वेढे, फुगे बाहेरच्या बाजूला. फुगे आत ठेवले की रंगकामावर गोल गोल ठसे उमटतात. तळ गोल असेल तर फोमच्या जाड तुकड्यात वाटीसारखी बैठक कापून घ्या.

मग खोक्यात खोका. हंडी गुंडाळून २५ सेंटिमीटरची झाली असेल, तर आतला खोका ३५ चा, चारी बाजूंनी पाच-पाच सेंटिमीटर फोम. बाहेरचा ५० चा, भोवती साडेसात. या दोन खोक्यांमधल्या थरावरच सगळं अवलंबून आहे, तिथे कंजुषी नको. कागदाच्या बोळ्यांनी ही जागा भरू नका. प्रवासात ते बसतात आणि पोकळी होते. भरून झाल्यावर झाकण किंचित दाबावं लागलं पाहिजे, पण फुगता कामा नये.

खोका दोन्ही हातांत धरून हलवा, उलटा करा. आत खुट्ट झालं तर पुन्हा उघडा, कंटाळा करू नका. पॅकिंगवाला सवयीनं पट्टी मारायचं मशीन पुढे करेल, त्याला थांबवा. ती पट्टी आवळली की खोक्याचे कोपरे आत येतात. रुंद टेप तळाला आणि वर इंग्रजी एच अक्षरासारखी मारली की पुरे. जून ते सप्टेंबरमध्ये बाहेरून स्ट्रेच फिल्म गुंडाळा, ओल्या पुठ्ठ्यात जोर उरत नाही. बाण आणि पेल्याचं चित्र चिकटवा, मात्र त्याच्या भरवशावर राहू नका. कन्व्हेयर बेल्टला वाचता येत नाही. झुंबरासारख्या जड वस्तूला लाकडी पेटी करावी लागली आणि ती परदेशी जाणार असेल, तर लाकूड ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं आणि गव्हाच्या लोंबीचा शिक्का असलेलंच घ्या. निर्यातीचे पॅलेट करणाऱ्यांना हे ठाऊक असतं.

खर्चाची कल्पना आधीच असू द्या. विमानानं जाणाऱ्या कुरिअरला वजन बहुधा आकारावरून धरतात : लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले ५०००. आपला ५० चा खोका हिशेबात २५ किलोचा होतो, काट्यावर जेमतेम पाच-सहा किलो भरला तरी. म्हणून खोका लहान करायचा मोह होतो, तो आवरा. शिवाय बहुतेक कुरिअरवाले काच फुटल्याची भरपाई देत नाहीत. पावतीमागची बारीक अक्षरं वाचा आणि मोलाची वस्तू असेल तर प्रवासाचा विमा वेगळा घ्या.

बाहेरच्या खोक्यात वरच एक चिठ्ठी ठेवा : सुरी खोल घालू नये, वस्तू काठाला धरून ओढू नये, कडी आणि साखळ्या वेगळ्या पाकिटात आहेत. ते पाकीट कचऱ्यात गेल्याचे किस्से फुटलेल्या हंड्यांइतकेच आहेत.

आणि हंडी नाशिक, कोल्हापूर, मुंबई एवढ्याच अंतरावर जायची असेल, तर एवढं सगळं करून आतला खोका मांडीवर घ्या आणि एसटीनं स्वतः नेऊन द्या.