परतीचा ओढा

आमचं घर बदलापूरच्या बेलवलीत. गच्चीवर उभं राहिलं की रुळांपलीकडे चंदेरीचा सुळका दिसतो आणि उजवीकडे टवळी, मलंगगड. जूनच्या शेवटाला दोन-तीन दिवस सलग पाऊस लागला की त्या काळ्या कड्यांवर पांढऱ्या रेघा उमटतात. लहानपणी मी त्या मोजायचे. पुढे त्यांतल्या एका रेघेपर्यंत चालत गेले, आणि गेली बावीस वर्षं जाते आहे. त्या जागेचं नाव इथे लिहीत नाही. तिथवर पायवाट आहे, तिचा रस्ता व्हायला नको. पण अशा धबधब्यापाशी जायचं कसं, हे मात्र सांगायचं आहे. पावसाळ्यातल्या रविवारी बदलापूर स्टेशनवर उतरणारे पोरांचे घोळके बघितले की माझ्या पोटात गोळा येतो.

१. परतीचा ओढा आधी बघा.

आमच्या वाटेवर एकच ओढा लागतो. सकाळी साडेनऊला घोट्याएवढं पाणी, तळाची वाळू दिसणारी. पाचव्या की सहाव्या वर्षी आम्ही पाच जणी तो हसतखेळत ओलांडून वर गेलो. धबधब्यापाशी ऊन पडलं होतं. भाकरी खाल्ली, केस वाळवले. दीड वाजता परत ओढ्याशी आलो तर पाणी कमरेच्या वर, चहासारखं लाल, मधूनमधून अख्ख्या फांद्या वाहत येत होत्या. आमच्यावर एक थेंब पडला नव्हता. पाऊस माथ्यावर झाला होता, कड्याच्या मागे, आम्हाला न दिसणाऱ्या बाजूला.

आपल्या डोक्यावरचं आभाळ आणि ओढ्याच्या उगमावरचं आभाळ एक नसतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्याच मुंबईत कुलाब्याला फक्त ७३. शहराच्या दोन टोकांत एवढा फरक, तर डोंगराच्या दोन अंगांत का नसावा?

आम्ही ओढ्याच्या काठावर साडेतीन तास बसलो. मैत्रीण म्हणाली, साखळी करून उतरू. मी नाही म्हटलं, आणि त्या दिवशी मी एवढंच एक शहाणपणाचं केलं. डोंगरातले ओढे जसे भरतात तसे उतरतातही. वरचा पाऊस थांबला की बहुधा काही तासांत वाट मिळते. थांबायचं. अंधार झाला तरी थांबायचं.

तेव्हापासून ओलांडायच्या आधी मी काठावरचा एक दगड खुणेला धरते. गुडघ्याएवढा, मधून पांढरी शीर गेलेला. पाणी शिरेच्या किती खाली आहे ते बोटांनी मोजायचं. चार बोटांपेक्षा कमी अंतर असेल तर तिथूनच माघारी. असा दगड प्रत्येकाने आपापल्या ओढ्यावर शोधावा.

२. पाणी बोलतं, ते ऐका.

धबधब्याखाली बसल्यावर आवाजाची सवय होते आणि बदल कळत नाही. म्हणून आमच्यातली एक जण नेहमी पाण्याकडे तोंड करून बसते. पाणी गढूळ झालं, वरून पालापाचोळा, काटक्या, फेस यायला लागला, आवाज घोगरा झाला, यातलं एकही दिसलं की उठायचं. डबा उघडा असला तरी उठायचं. ही खूण आणि लोंढा यांत कधी दहा मिनिटं असतात, कधी दोनच. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. एकमेकांना घट्ट धरून मध्यात उभी असलेली ती माणसं ज्यांनी चित्रफितीत पाहिली, त्यांना मी वेगळं काही सांगायला नको.

३. शेवटच्या पाड्यावर थांबा.

भोजच्या धरणापुढे रिक्षा सोडून आम्ही चालू लागतो. वाटेत शेवटचा पाडा ठाकरांचा. पहिल्या वर्षी आम्ही ताडताड पुढे निघून गेलो होतो. दुसऱ्या वर्षी अंगणात नांगराचा फाळ ठोकत बसलेल्या म्हाताऱ्या बाबांनी हाक मारली, "ताई, कुटं निघाल्या? काल रातभर वर पडलाय. व्हाळ बगून जा." तेव्हापासून त्यांना विचारल्याशिवाय मी पुढे गेले नाही.

हवामान खात्याचा इशारा मी आदल्या रात्री आणि सकाळी, दोन्ही वेळा बघते. लाल किंवा नारिंगी असेल तर घरीच. पण जिल्ह्याच्या इशाऱ्याला आपला एक ओढा माहीत नसतो, बाबांना तो असतो. कोणती दरड यंदा सुटली, कुठे कालच घोणस दिसली, हेही त्यांनाच ठाऊक. विचारायचं असेल तर अंगणात जाऊन, बसून विचारावं. रस्त्यावरून ओरडून विचारलं तर "जावा सरळ" एवढंच उत्तर येतं, आणि ते रास्तही आहे. येताना त्यांच्या घरची करटोली, टाकळा, फोडशी घेते. स्टेशनबाहेर पाड्यावरच्याच बायका हीच भाजी घेऊन बसतात आणि आपण तिथे पाच रुपयांसाठी घासाघीस करतो, ती करू नये.

४. कुंडात उतरू नका.

यावर मी कोणाशीही भांडायला तयार आहे. आपला सह्याद्री बेसॉल्टचा. पाणी वर्षानुवर्षं एकाच जागी आपटून खडकात खोल कुंड कोरतं, आतले गोटे गरगर फिरून त्याच्या भिंती गुळगुळीत करतात. वरून हिरवंगार, शांत दिसतं. आत कडेला पाय टेकायला आधार नाही, धरायला कंगोरा नाही. जिथे धार पडते तिथे पाण्यात हवा मिसळून फेस झालेला असतो, त्यात पोहणारा माणूसही नेहमीसारखा तरंगत नाही.

आमच्या जवळचं कोंडेश्वर घ्या. महादेवाचं ठिकाण, महाशिवरात्रीला तिथे जत्रा भरते. देवळाखालच्या कुंडाने किती घरांतली मुलं नेली ते बदलापूरकरांना माहीत आहे. २०२३ च्या सुरुवातीला घाटकोपरहून आलेले चार तरुण तिथे बुडाले, आणि तो पावसाळाही नव्हता. म्हणजे पाऊस नसला तरी कुंड कुंडच असतं. अंगावर धार घ्यायची असेल तर कडेच्या, घोटाभर पाण्याच्या धारेखाली बसावं. तेवढ्यानेही डोकं थंड होतं.

५. बंदी असेल तर जाऊ नका.

पावसाळ्यात धबधब्यांच्या परिसरात प्रशासन जमावबंदी लावतं. पूर्वी कलम १४४ म्हणायचे, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३. सरसकट बंदी मलाही पटत नाही. सांभाळून जाणाऱ्यालाही ती अडवते. पण आडवाटेने आत शिरलेल्या माणसाला शोधायला शेवटी दोर घेऊन पाड्यावरचीच पोरं उतरतात, हे मी पाहिलं आहे. आपल्या एका रविवारसाठी त्यांचा जीव टांगणीला लावायचा हक्क आपल्याला नाही.

६. गौरी-गणपती होऊ द्या.

जुलैत धबधबा दांडगा असतो, पण गढूळ आणि बेभरवशाचा. याच महिन्यात, २७ जुलै २०१९ ला, आमच्या उल्हासने बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस अडवली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. त्या नदीला पाणी पुरवणाऱ्यांत हे डोंगरही आहेत. गणपती गेले की पाऊस उघडझाप करतो, पाणी काचेसारखं होतं, कड्यांवर सोनकी आणि तेरडा फुललेला असतो. धार बारीक झालेली असते, पण तिचा एकेक पदर वेगळा दिसतो. मला तीच आवडते.

७. बारीकसारीक.

सहापेक्षा जास्त माणसं नकोत. सगळ्यात हळू चालणारी पुढे. बुटाच्या तळाला खोल खाचा हव्यात, आणि तरीही काळ्या ओल्या खडकावर चमकणारं शेवाळ दिसलं की बसून, हाताने चाचपत उतरावं. भाकरी, ठेचा, गूळ-शेंगदाणे, जास्तीचं पाणी, बॅटरी, शिट्टी. मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत, पण वर रेंज नसते हे धरून चालावं. १०८ आणि ११२ हे आकडे रेंज असेल तिथेच कामाचे. रिक्षावाल्याला परतीची वेळ सांगून त्याचा नंबर घ्यावा, नाहीतर स्टेशनपर्यंत पायपीट होते. आणि कुठेही असलो तरी एक वाजता उठायचं. वाट सकाळी दीड तासाची असली तरी थकलेल्या पायांना दोन तास लागतात.

८. उतरल्यावर सांगून जा.

एका वर्षी परतताना भुरभुर पाऊस होता. रिक्षा आयती मिळाली, आम्ही पाड्याच्या खालच्या अंगाने थेट निघून गेलो. बाबांना सकाळी "दोनपर्यंत येतो" म्हणून सांगितलं होतं, ते माझ्या डोक्यातून पार गेलं. पुढच्या खेपेला त्यांच्या सुनेने सांगितलं. चार वाजले तरी आम्ही दिसेना, म्हणून बाबा इरलं घेऊन ओढ्यापर्यंत गेले. पलीकडे हाका मारल्या. दिवेलागणीला परत आले, पुन्हा बॅटरी घेऊन निघाले. रात्री नऊला मुलाने त्यांना हाताला धरून घरी आणलं. पंचाहत्तरीच्या पुढचा माणूस. मी त्यांच्यासमोर मान खाली घालून उभी राहिले. ते म्हणाले, "आल्या ना उतरून? मग झालं. बसा, चा घ्या."

आता खाली उतरल्यावर आधी त्यांच्या अंगणात जाते, मग बूट काढते.