मुंबई ते लंडन : हवाई अंतर व प्रवासकाळ यांचा हिशेब

परदेशी निघालेल्या मुलाचे तिकीट घेऊन गावातील पालक पुष्कळदा शिक्षकाकडे किंवा ग्रामसेवकाकडे जातात. हिवाळ्यात मुंबईहून दुपारी १ वाजता सुटणारे विमान लंडनला सायंकाळी ५.३० वाजता पोहोचणार, असे तिकिटावर छापलेले असले, तर प्रवास साडेचार तासांचाच, असा समज होतो. या चुकीमुळे मधुमेही प्रवाशाच्या औषधाची वेळ चुकू शकते. विमान अद्याप आकाशात असतानाच घरची माणसे चिंतेत पडतात. म्हणून हा हिशेब समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम अंतर. पृथ्वी गोल असल्यामुळे सपाट नकाशावरील सरळ रेषा हा जवळचा मार्ग नव्हे. पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलावरील बृहद्‌वृत्ताचा कंस हाच सर्वांत जवळचा मार्ग होय. मुंबई व लंडन यांच्यामधील हा कंस नकाशावरील सरळ रेषेच्या उत्तरेकडून जातो. शाळेतील पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो आपोआप याच मार्गावर बसतो. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. गोलाचा परीघ १०० सेंटिमीटर असेल, तर १ सेंटिमीटर म्हणजे ४०० किलोमीटर. दोरा सुमारे १८ सेंटिमीटर भरतो. म्हणजे अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर.

आता काळ. मोठे प्रवासी जेट विमान उंचीवर ताशी सुमारे ८५० किलोमीटर वेगाने जाते. त्या वेगाने हे अंतर कापण्यास सुमारे साडेआठ तास लागतील. परंतु धावपट्टीपर्यंतची चाल, चढण, उतरण आणि मार्गातील वळसे यांचाही वेळ त्यात मिळवावा लागतो. मध्य अक्षांशांत उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. म्हणून लंडनला जाताना सामान्यतः अधिक वेळ लागतो, परतताना कमी. एखाद्या देशाने हवाई क्षेत्र बंद केल्यासही मार्ग लांबतो. २०१९ मध्ये पाकिस्तानने तसे केले, तेव्हा भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या अनेक विमानांना वळसा घालावा लागला.

शेवटी घड्याळ. पृथ्वी ताशी १५ अंश फिरते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर आधारलेली असल्याने ती ग्रिनिचच्या वेळेपेक्षा साडेपाच तास पुढे आहे. लंडनचे ५.३० म्हणजे भारतातील रात्रीचे ११. म्हणजेच खरा प्रवास १० तासांचा ठरतो. मार्चच्या अखेरच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारपर्यंत ब्रिटनमधील घड्याळे एक तास पुढे असतात. त्या काळात हा फरक साडेचार तासांचा धरावा.

नियम सोपा आहे : तिकिटावरील दोन्ही वेळा आधी एकाच प्रमाणवेळेत आणाव्यात आणि मगच वजाबाकी करावी. पृथ्वीगोल व दोरा यांच्या साहाय्याने हा पाठ कोणत्याही शाळेत सहज घेता येईल आणि त्याचा लाभ विद्यार्थ्यांबरोबर गावालाही होईल.