श्रमाविण मिळकत : एक विचार

घरभाडे व ठेवीवरील व्याज ही बसल्या जागी मिळणाऱ्या उत्पन्नाची जुनी साधने होत. इंटरनेटने त्यांत नव्या मार्गांची भर घातली आहे. उदाहरणार्थ, ॲमेझॉनच्या किंडलवर लेखकास आपले मराठी पुस्तक स्वतः प्रसिद्ध करता येते. त्यासाठी आरंभी शुल्क पडत नाही. स्वामित्वधनाचे दर ३५ व ७० टक्के असे दोन आहेत.

आपण एक काल्पनिक हिशेब मांडू. पुस्तकाची किंमत १०० रुपये, दर ३५ टक्के आणि लेखनाचे तास ६०० धरू. पहिल्या वर्षी २४० प्रती खपल्या, तर कर न धरता ८,४०० रुपये मिळतील; म्हणजे तासाला अवघे १४ रुपये! पुढील वर्षी १०० प्रती खपल्या, तर नव्या लेखनावाचून ३,५०० रुपये येतील. तात्पर्य, हे पूर्वी केलेल्या श्रमांचेच सावकाश मिळणारे फळ होय. वाचक न लाभल्यास तेही मिळत नाही.

म्हणून ‘आधी पैसे भरा, मग घरबसल्या कमवा’ असे सांगणाऱ्यांपासून विद्यार्थ्यांनी व पालकांनी सावध राहावे, असे आम्हांस वाटते. तहान लागण्यापूर्वी विहीर खणावी लागते, आणि ती आपणच खणावी लागते.