ग्राफिक्स कार्ड आत, बाहेर की नकोच?

कॅपची फेरी लागली, कॉलेजचं नाव कळलं, पेढे वाटून झाले, की घरात पुढचा विषय लॅपटॉपचा निघतो. मुलाची यादी तोवर तयार असते. त्यात एक-दोन गेमिंग लॅपटॉप असतातच. हल्ली त्यांच्या जोडीला ईजीपीयूही असतं, म्हणजे लॅपटॉपला बाहेरून जोडायचं ग्राफिक्स कार्ड. ‘आत्ता साधा लॅपटॉप घेऊ, लागलंच तर पुढे बाहेरून कार्ड लावू, पैसे वाचतील,’ असा मुलाचा हिशेब असतो. वडिलांचा प्रश्न वेगळाच असतो: ‘गेमिंग लॅपटॉप घेऊन हा अभ्यास करणार की गेम खेळत बसणार?’

आधी वडिलांच्या शंकेचं बघू. गेम पळवणारी चिप आणि बंगल्याचं थ्री-डी चित्र रंगवणारी, व्हिडिओ एडिट करणारी, एआयचं मॉडेल शिकवणारी चिप एकाच जातीची असते. आर्किटेक्चरच्या मुलीलाही दुकानदार गेमिंगच्या फळीवरचाच लॅपटॉप काढून दाखवतो, त्यात त्याची लबाडी नसते. आणि गेमचंच म्हणाल तर मोबाइल खिशात आहेच. लॅपटॉप साधा घेतला म्हणून ते व्यसन सुटल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

खरा प्रश्न आहे तो शाखेचा. कॉमर्स, कायदा, कला, मेडिकल, फार्मसीच्या मुलांनी लेख इथेच खाली ठेवला तरी चालेल, त्यांना यातलं काही लागत नाही. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष सगळ्या शाखांना थोड्याफार फरकाने सारखंच असतं. गणित, फिजिक्स, इंजिनिअरिंग ग्राफिक्स आणि थोडं सी किंवा पायथॉन. १६ जीबी रॅम आणि एसएसडी असलेल्या साध्या लॅपटॉपवर हे सगळं आरामात चालतं. म्हणून इंजिनिअरिंगच्या पालकांना मी सरळ सांगतो की ग्राफिक्स कार्डाचा निर्णय दुसऱ्या वर्षावर टाका. तोवर मुलाला स्वतःची गोडी कशात आहे ते कळतं आणि सीनियर्स खरोखर काय वापरतात तेही दिसतं. शिवाय आज दुकानात आहे त्यापेक्षा बरं कार्ड तेव्हा आलेलं असतं.

‘पण एआय-डेटा सायन्सला प्रवेश मिळालाय, जीपीयू तर लागणारच!’ हे वाक्य दर हंगामात ऐकतो. लागतो, पण तो स्वतःच्याच टेबलावर असायला हवा असं नाही. गुगल कोलॅबच्या मोफत खात्यावर बहुधा टी-४ कार्ड मिळतं, त्याची मेमरी १६ जीबी. कॅगलवर आठवड्याला साधारण ३० तास जीपीयू फुकट वापरता येतो. लाखाच्या आतबाहेरच्या गेमिंग लॅपटॉपमधल्या कार्डाला मेमरी असते ६ किंवा ८ जीबी. म्हणजे शिकण्यापुरतं फुकटचं यंत्र घरच्यापेक्षा ऐसपैस आहे. त्याला काच आहेत, नाही असं नाही. कोलॅबवर जीपीयू हमखास मिळेलच असं नाही, सेशन मध्येच तुटतं, आणि हॉस्टेलचं वायफाय रात्री अकरानंतर किती चालतं ते तिथल्या मुलांनाच विचारावं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी प्रोजेक्टचं काम रोजचं झालं आणि हे काच बोचू लागले, तर स्वतःचं कार्ड जरूर घ्या, आणि ते एनव्हिडियाचं घ्या. त्या कंपनीने २००७मध्ये क्युडा, म्हणजे ग्राफिक्स कार्डाकडून गणितं करवून घेणारी प्रणाली, बाजारात आणली आणि या क्षेत्रातली बहुतेक सॉफ्टवेअर आजही आधी त्यावर चालतील अशी लिहिली जातात.

मेकॅनिकलच्या मुलांचा एक गैरसमज असतो. सॉलिडवर्क्सला भारी ग्राफिक्स कार्ड हवंच असं त्यांना वाटतं. कॉलेजात करायच्या असेंब्ली लहान असतात, आणि तिथे प्रोसेसरच्या एका कोअरचा वेग आणि रॅम जास्त कामाला येतात. अन्सिसच्या मोफत विद्यार्थी आवृत्तीत स्ट्रक्चरल विश्लेषणाला १ लाख २८ हजार नोडची मर्यादाच घातलेली आहे. गाडी तिथे सॉफ्टवेअरमुळे अडते, कार्ड बदलून ती पुढे सरकत नाही. एक मात्र बघा: सॉलिडवर्क्स आणि रेव्हिट ही विंडोजची सॉफ्टवेअर आहेत. मावसभावाकडे आहे म्हणून मॅकबुक घेतलं तर पुढे पंचाईत होते. २०२०पासून आलेल्या एम मालिकेच्या चिपवाल्या मॅकना ॲपलने बाहेरच्या ग्राफिक्स कार्डाचा आधारही दिलेला नाही, त्यामुळे ‘नंतर जोडू’ हा मार्ग तिथे बंदच.

या सगळ्याला अपवाद आहेत आर्किटेक्चर, इंटिरिअर, ॲनिमेशन, व्हीएफएक्स आणि गेम डिझाइन. लुमिअन, एनस्केप, अनरिअल, ब्लेंडर ही सॉफ्टवेअर ग्राफिक्स कार्डावरच जगतात. इथे ‘दुसऱ्या वर्षी बघू’ म्हणता येतं, पण त्यापुढे ढकलता येत नाही. जूरीच्या, म्हणजे परीक्षकांपुढे काम मांडायच्या, आदल्या रात्री दहा व्ह्यू रेंडर करायचे असतात, स्टुडिओत सगळा वर्ग जमलेला असतो, आणि सरांनी सकाळी सुचवलेला बदल संध्याकाळपर्यंत मॉडेलमध्ये दिसायला हवा असतो. यंत्र विद्यार्थ्याबरोबर फिरलं पाहिजे. अशा मुलांनी बाहेरच्या कार्डाचा विचार न करता गेमिंग लॅपटॉप घ्यावा.

घेताना मात्र नावावर भाळू नका. लॅपटॉपमधलं आणि डेस्कटॉपचं कार्ड एकाच नावाने विकलं जातं, माल वेगळा असतो. डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०७०ला १२ जीबी मेमरी आहे, त्याच नावाच्या लॅपटॉप कार्डाला ८. लॅपटॉप-लॅपटॉपमध्येही फरक आहे. ४०६० हे कार्ड कंपनी ३५ वॉटवर चालवू शकते किंवा ११५ वॉटवर, आणि पातळ, देखण्या लॅपटॉपमध्ये ते बहुधा खालच्या आकड्यांकडे झुकलेलं असतं. तेव्हा दुकानात ‘कुठलं कार्ड?’ एवढ्यावर न थांबता ‘किती वॉटचं?’ हेही विचारा. हा आकडा कंपनीच्या वेबसाइटवर टीजीपी या नावाखाली मिळतो. विक्रेता गोंधळला तर स्वतः मोबाइलवर काढून त्याला दाखवा.

गेमिंग लॅपटॉपचे जाच घरी आणल्यावर कळतात. यंत्र अडीच किलोच्या आसपास, वर विटेएवढा अडॅप्टर. चार्जर काढला की कार्ड आपला वेग निम्म्यावर आणतं आणि तरीही जोराचं काम दीड-दोन तासांपलीकडे जात नाही. लायब्ररीत पंखे फिरू लागले की शेजारचा मान वळवून बघतो. हॉस्टेलमध्ये लॅपटॉप गादीवर ठेवून वापरायची सवय असेल तर खालच्या जाळ्या बंद होतात आणि महागातलं कार्ड तापून स्वस्तातल्यासारखं चालतं. पन्नास रुपयांची लाकडी फळी हा त्यावर उत्तम इलाज आहे.

आता ते बाहेरचं कार्ड. डेस्कटॉपचं कार्ड, त्याला वीज पुरवणारा स्वतंत्र सप्लाय आणि हे दोन्ही मावेल असं धातूचं खोकं. त्यातून हातभर लांबीची एक केबल निघून लॅपटॉपच्या थंडरबोल्ट पोर्टमध्ये जाते. दिसायला झकास. अडचण त्या केबलमध्येच आहे. थंडरबोल्ट ३ आणि ४चा एकूण वेग सेकंदाला ४० गिगाबिट, त्यातले जास्तीत जास्त ३२ कार्डाच्या वाट्याला येतात. डेस्कटॉपच्या चौथ्या पिढीतल्या १६ लेनच्या पीसीआय स्लॉटमध्ये हाच आकडा २५६च्या आसपास असतो. आठपदरी रस्त्याची गर्दी एका पदरावर आणली की जे होतं, तेच इथे होतं. बाहेरच्या कार्डाने काढलेलं चित्र पुन्हा लॅपटॉपच्याच पडद्यावर हवं असेल तर त्याच केबलमधून परतीची वाहतूकही सुरू होते. म्हणून वेगळा मॉनिटर घ्यावाच लागतो, आणि खर्चात आणखी एक ओळ वाढते.

नुकसान सगळ्या कामांत सारखं होत नाही. ब्लेंडरमध्ये दृश्य एकदा कार्डाच्या मेमरीत चढलं की कार्ड आपलं आपण रेंडर करत बसतं, केबलला फारसं काम उरत नाही. तिथे घट थोडी असते. गेममध्ये मात्र प्रोसेसर आणि कार्ड यांची देवाणघेवाण क्षणाक्षणाला चालते, आणि तिथे ती चांगलीच जाणवते. गंमत अशी की अभ्यासाचं कारण सांगून बाहेरचं कार्ड मिळवलेल्या मुलाला ते अभ्यासालाच जास्त उपयोगी पडतं.

थंडरबोल्ट ५ची घोषणा २०२३मध्ये झाली. त्याचा वेग ८० गिगाबिट, त्यामुळे कोंडी बरीच सुटते. पण तो पोर्ट आधी आला तो महागड्या लॅपटॉपमध्ये, ज्यांच्या पोटात जोरकस कार्ड आधीपासूनच बसवलेलं असतं. ऑक्युलिंक नावाची आणखी एक जोडणी आहे, ६४ गिगाबिटची. ती हौशी लोकांची गोष्ट. पहिल्यांदाच लॅपटॉप घेणाऱ्याने तिच्या नादी लागू नये.

पैशांचं गणितही मुलाने मांडलं तसं सुटत नाही. नुसतं खोकंच एखाद्या मध्यम कार्डाच्या भावात जातं, आपल्याकडे ते सहज मिळत नाही, आणि बाहेरून मागवलं तर वॉरंटीचा घोळ वेगळा. त्यात कार्ड आणि मॉनिटर धरा. पुण्यात किंवा नाशकात स्वतःच्या घरी राहून शिकणाऱ्या मुलाला माझा सल्ला असा: कॉलेजला न्यायला हलका लॅपटॉप, आणि गरज उभी राहिली की त्याच कार्डाभोवती घरी डेस्कटॉप जोडून घ्या. खोक्याच्या पैशांत थोडी भर टाकली की प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम येतात, आणि केबलची कोंडी राहत नाही. बाहेरचं कार्ड मी एकाच प्रकारच्या विद्यार्थ्याला सुचवतो. त्याच्याकडे चांगला थंडरबोल्टचा लॅपटॉप आधीच आहे, तो एकाच खोलीत दोन वर्षं राहणार आहे, त्याची सगळी सॉफ्टवेअर आणि फायली त्याच यंत्रावर आहेत, आणि त्याला रेंडरिंगचं किंवा एआयचं काम नियमित आहे. असे विद्यार्थी असतात, पण थोडे.

पुढची ही वाट उघडी ठेवायची असेल तर आज साधा लॅपटॉप घेतानाच पोर्ट बघून घ्या. लॅमिंग्टन रोडवर किंवा तुमच्या गावातल्या दुकानात, लॅपटॉप काउंटरवर आला की तो कडेने डोळ्यांसमोर धरा. चपट्या, गोल कडांच्या यूएसबी-सी पोर्टच्या शेजारी विजेच्या बाणाची खूण असेल तर तो थंडरबोल्ट. नुसती चार्जिंगची खूण असेल तर तिथे कार्ड चालणार नाही. यूएसबी-४ लिहिलं असेल तर बाहेरचं ग्राफिक्स कार्ड चालतं का, हे कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्या. विक्रेत्याच्या ‘चालतं की साहेब’वर विसंबू नका. रॅम बोर्डावरच पक्की जडवलेली आहे की नंतर वाढवता येते, हेही त्याच वेळी विचारून घ्या. पातळ लॅपटॉपमध्ये ती बहुधा जडवलेलीच असते, आणि मग ८ जीबीचं दुखणं चार वर्षं उरावर बसतं.

शैक्षणिक कर्ज काढणार असाल तर आणखी एक. अभ्यासक्रमासाठी लागणाऱ्या संगणकाचा रास्त खर्च इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श कर्ज योजनेत धरता येतो. बरेच पालक फी आणि हॉस्टेलचे आकडे देऊन मोकळे होतात आणि लॅपटॉपसाठी वेगळं, जास्त व्याजाचं कर्ज काढतात. बँकेत जाताना दुकानाचं कोटेशन आणि कॉलेजने लॅपटॉप आवश्यक असल्याचं लिहिलेलं पत्र अर्जासोबत जोडा. ग्राफिक्स कार्डाचा निर्णय पुढे ढकलला असेल तर ती रक्कम पुढच्या वर्षाच्या हप्त्यात घेता येईल का, तेही शाखेत पहिल्याच भेटीत विचारा. मंजुरी झाल्यावर रक्कम वाढवून घेताना चपला झिजतात.