फाइल माझी, दिवसही माझे

१. चौथी स्टेज म्हणजे लगेच सगळं संपलं, असं नसतं. स्तनाचा कॅन्सर हाडांत पसरल्याचं कळलं तेव्हा मी मनातल्या मनात आवराआवर सुरू केली होती. मग ओपीडीच्या बाकावर वर्षानुवर्षं हार्मोनच्या गोळ्यांवर आणि हाडांच्या इंजेक्शनांवर असलेल्या बायका भेटल्या. हा आजार मुळापासून जाणार नाही, पण पुष्कळदा आटोक्यात ठेवता येतो. हे मला आधी त्यांच्याकडून कळलं.

२. माझ्या आजाराबद्दल माझ्याशीच कुणी बोलत नाही, हे सगळ्यांत जास्त लागलं. डॉक्टरांची नजर पेट स्कॅनवर. मला म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर बसा." आत माझे यजमान एकटे. बाहेर आले ते रुमालाने चष्मा पुसत. पुढच्या खेपेला मी खुर्चीवरून उठलेच नाही. "जे असेल ते मलाच सांगा, डॉक्टर." ऐकणं जड गेलं, पण यांच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधत रात्री काढणं त्याहून जड होतं.

३. आकडा खरा असतो, पण तो माझ्या एकटीचा नसतो. स्टीफन जे गूल्ड या अमेरिकन जीवशास्त्रज्ञांना १९८२ मध्ये मेसोथेलिओमा हा कॅन्सर झाला. त्या आजारात निम्मे रुग्ण आठ महिन्यांत जातात, असं त्यांनी वाचलं. उरलेले निम्मे त्यापुढे जगतात, काही तर खूप पुढे, हे त्यांनी ओळखलं आणि १९८५ मध्ये त्यावर लेख लिहिला. ते २००२ पर्यंत जगले. मीही तेवढी जगेन असं नाही. पण "किती महिने?" या प्रश्नाला एकच उत्तर नसतं, एवढं कळल्यावर मला पुन्हा झोप लागू लागली.

४. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं म्हणजे पहिल्यांचा अपमान नव्हे. "माझ्यावर विश्वास नाही का?" असं मला विचारलं गेलं. मी शांतपणे कागद मागितले. रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यावीत, असा डॉक्टरांसाठी २००२ पासून नियमच आहे. रिपोर्ट, स्कॅनची सीडी, बायोप्सीचे ब्लॉक घेऊन मी दुसरीकडे गेले. नवल म्हणजे औषधं जवळजवळ तीच राहिली. फक्त तिथल्या डॉक्टर बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "रात्री कूस बदलताना दुखतं का?"

५. पेलिएटिव्ह केअर, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणारी मदत, शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवायची नसते. बोस्टनमध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या रुग्णांवर झालेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना ही मदत सुरुवातीपासून मिळाली त्यांचे दिवस बरे गेले, शिवाय ते सरासरीने थोडे जास्त जगले. मॉर्फिनचं नाव ऐकून आमच्या घरात सगळे धास्तावले. डॉक्टर बाईंनी सांगितलं, दुखण्यासाठी नीट मापात, देखरेखीखाली घेतलं तर व्यसनाची भीती फार कमी. मात्र पोट साफ राहण्याचं औषध सोबत हवंच. कमरेच्या हाडाला एकदाच रेडिएशन दिलं. काही दिवसांनी मी पाटावर बसून मेथी निवडली, कुणाचा हात न धरता उठले आणि तिथेच रडले.

६. अंगातली ताकद मोजकी असते, ती कुणावर खर्च करायची हे मी ठरवते. भेटायला येणारे कुठला तरी काढा सांगतात, "पॉझिटिव्ह राहा" म्हणतात. त्यांची माया कळते. पण जी मैत्रीण डबा ठेवते, गप्प बसते आणि मला घाबरू देते, तिच्यासाठी मी दुपार राखून ठेवते.

७. शेवटाबद्दल बोलल्याने शेवट जवळ येत नाही. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरीसमोर मी लिहून दिलं की बरं होण्याची आशा नसताना मला व्हेंटिलेटरवर ठेवू नये. मला बोलता येईनासं झालं तर माझ्या वतीने लेक बोलेल. ती आधी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग स्वतःच फाइलमध्ये तो कागद लावला. आता आमच्यात लपवण्यासारखं काही राहिलेलं नाही, आणि आम्ही पूर्वीसारख्या पोटभर भांडतो.