हृदयाच्या जवनिकांचा हिशेब : एम. आर. आय. कशासाठी?

"टू-डी इको झाली असताना ही महागडी तपासणी कशाला?" हृदयाचा एम. आर. आय. सुचविला की रुग्णांचे नातेवाईक आम्हांस हा प्रश्न विचारतात. प्रश्न रास्त आहे. तज्ज्ञांकडून आम्ही समजून घेतलेले त्याचे उत्तर येथे देत आहोत.

हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांना जवनिका म्हणतात. डावी जवनिका सर्व शरीरास व उजवी फुप्फुसांस रक्त पाठविते. इको ही पहिली व आवश्यक तपासणी होय. परंतु उजवी जवनिका छातीच्या हाडामागे असून तिचा आकार वेडावाकडा असतो. इकोने तिचे नेमके मोजमाप करणे कठीण जाते. एम. आर. आय.मध्ये क्ष-किरणांविना हृदयाच्या एकालगत एक अशा कापांची चित्रे मिळतात. प्रत्येक कापातील पोकळीचे क्षेत्रफळ काढून अंतरानुसार बेरीज केली की आकारमान कळते. उदाहरणार्थ, भरलेल्या जवनिकेत 120 मिलिलिटर रक्त असून आकुंचनानंतर 50 शिल्लक राहिले, तर 70 मिलिलिटर, म्हणजे सुमारे 58 टक्के बाहेर गेले.

'टेट्रालॉजी ऑफ फॅलो' या जन्मजात विकारात या हिशेबाचे मोल विशेष आहे. 1954 साली अमेरिकेत डॉ. लिलेहाय यांनी हृदय उघडून त्याची पहिली पूर्ण दुरुस्ती केली. आज शस्त्रक्रियेनंतर अशी मुले शाळेत जातात, मोठी होतात. मात्र अनेकांच्या फुप्फुसधमनीची झडप गळत राहते. जमाखर्चाच्या भाषेत, पाठविलेला माल काही अंशी परत येतो. उजवी जवनिका हळूहळू फुगते आणि रुग्णास वर्षानुवर्षे त्रास जाणवतही नाही.

नवी झडप फार लवकर बसविल्यास ती झिजून पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. फार उशीर झाल्यास जवनिका पूर्ववत होत नाही. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे उजव्या जवनिकेचे भरलेले आकारमान 160 मिलिलिटर वा अधिक होणे, हे योग्य वेळ ठरविण्याचे एक महत्त्वाचे गमक मानले जाते. इतर लक्षणेही डॉक्टर पाहतातच.

तपासणीत वेदना नसतात. अधूनमधून काही सेकंद श्वास रोखावा लागतो. पेसमेकर, शरीरातील धातू वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधी अवश्य सांगावे.

"मूल तर खेळते आहे" म्हणून पालकांनी ही तपासणी टाळू नये, ही आमची विनंती आहे. तिचा भार उचलणारा दाता त्या कुटुंबास वेळीच निर्णय घेण्याची संधी देत असतो.